दूरदर्शनच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट वाचवायच्या असतील तर

प्रश्न थोडक्यात असा : कोकणातल्या घरी माळ्यावर तेवीस व्हीएचएस कॅसेट सापडल्या. १९८५ ते १९९३ या काळात घरच्या व्हीसीआरवर मुंबई दूरदर्शनवरून टेप केलेल्या. काहींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते, व्हीसीआर बंद पडलेला आहे, आणि एक दुकानदार सगळ्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून द्यायला तयार आहे. त्याला द्याव्यात का? आणि रामायण-महाभारत आता कुठेही पाहायला मिळत असताना एवढा खटाटोप करावा का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुढचा सगळा क्रम त्यावरच ठरतो. रामायणासाठी हा खटाटोप करू नका. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखवले, आणि त्याची प्रत तुमच्या कॅसेटपेक्षा किती तरी स्वच्छ आहे. तुमच्या कॅसेटवर अनमोल आहे ते भागाच्या आधीचे आणि नंतरचे. निवेदिकेने दिलेली पुढच्या कार्यक्रमाची माहिती, संध्याकाळच्या मराठी बातम्यांमधली प्रदीप भिडे किंवा भक्ती बर्वे यांची दोन-चार मिनिटे, 'आमची माती आमची माणसं'चा एखादा तुकडा, मध्येच आलेली 'व्यत्यय'ची पाटी, साबणाच्या जाहिराती. अधिकृत प्रत काढताना हे सगळे कापले जाते. शिवाय त्या काळी व्यावसायिक टेप महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या दूरचित्रवाणी संस्थांमध्ये होती. म्हणून मुंबई केंद्राच्या प्रादेशिक वेळेतले काही असेल, तर घरातली साधी कॅसेट हीच त्याची उरलेली एकमेव प्रत असू शकते.

एक अपेक्षा मात्र आधीच बाजूला ठेवा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. 'गजरा', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, स्मिता पाटील यांनी वाचलेल्या बातम्या, हे सगळे सत्तरच्या दशकातले. घरोघरी व्हीसीआर आले ते १९८२ च्या एशियाडनंतर. त्यामुळे पुनःप्रक्षेपण झाले असेल तरच यातले काही तुमच्याकडे निघेल. निघालेच, तर ती कॅसेट सगळ्यात आधी हाताळायची.

आता कॅसेट निवडणे. आधी आकार पाहा. व्हीएचएस १८७ × १०२ मिलिमीटर असते. १५६ × ९६ भरली तर ती बीटामॅक्स, तिला वेगळे यंत्र लागते. कोकणात आखातातून आलेल्या कॅसेट बऱ्याच सापडतात. तिकडच्या बहुतेक देशांतही आपल्यासारखी पाल ही चित्राची पद्धत असल्यामुळे सहसा अडचण येत नाही. अमेरिकेतून आलेली असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची, तिच्यासाठी दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टम व्हीसीआर हवा. मग प्रत्येक कॅसेटच्या लेबलाचा, पाठीचा आणि डबीवरच्या मजकुराचा फोटो काढा. लेबल खोटे बोलते, एकाच कॅसेटवर पाच-सहा वेळा रेकॉर्डिंग झालेले असते, तरीही खोडलेली नावे पुढे तारीख शोधायला उपयोगी पडतात. यानंतर लगेच कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डिंगचा टॅब तोडून टाका. तो शाबूत असताना चुकून लाल बटण दाबले गेले की तेवढी मिनिटे कायमची गेली.

डोळ्यांनी पाहून तीन ढीग करा. स्वच्छ, बुरशीच्या, आणि मोडलेल्या. बुरशीची एकही कॅसेट चांगल्या यंत्रात घालायची नाही. बुरशीची भुकटी यंत्रातल्या फिरत्या ड्रमवर बसते, त्यावरचे टेप वाचणारे टोक म्हणजे हेड बंद होते, आणि त्यानंतर घातलेल्या स्वच्छ कॅसेटलाही ती लागते. तेवीसपैकी चार कॅसेटची बुरशी अशा रीतीने तेवीसही कॅसेटवर पोचते.

बुरशीच्या कॅसेट आधी कोरड्या करायच्या. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात प्रत्येक कॅसेटमागे साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल ठेवून दोन आठवडे थांबा. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळलेली भुकटी होऊन सुटते. उन्हात ठेवू नका, ओव्हन किंवा हेअर ड्रायरच्या वाटेला तर जाऊच नका. टेपचा पाया पॉलिएस्टरचा असतो. उष्णतेने तो असमान ताणला गेला की चित्र वरच्या बाजूला वाकडे होते आणि ते दुरुस्त होत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

वाळल्यावर एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालून, घराबाहेर, पंखा बंद ठेवून कॅसेट उघडा. खालच्या बाजूला पाच स्टार स्क्रू असतात. कॅसेट टेबलावर सपाट ठेवूनच वरचे झाकण उचला. त्याआधी आतल्या टेपची वाट कुठून कशी जाते याचा फोटो काढून ठेवा, कारण छोटी स्प्रिंग आणि टेप दाबणारी पट्टी उडाली की ती कुठे होती हे आठवत नाही. रिळाच्या कडेवरची बुरशी मऊ ब्रशने झटका. मग टेप रिळावरून रिळावर हाताने सावकाश फिरवत, तंतू न सोडणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून ओढून घ्या. काळा-पांढरा डाग उमटला की कापडाची घडी बदला. टेपच्या चकचकीत बाजूला बोट लागू देऊ नका. शेवटी रिळे नव्या किंवा स्वच्छ कवचात घाला. कोरी, चांगल्या प्रतीची जुनी कॅसेट मोडून तिचे कवच वापरता येते. जुने कवच फेकून द्या, बुरशी त्याच्या कोपऱ्यांत राहते.

तुटलेल्या टेपला सेलोटेप कधीच लावू नये. उन्हाळ्यात त्याचा चिकट भाग बाहेर ओघळतो, शेजारच्या वेढ्यांना चिकटतो आणि हेडवर बसतो. अर्धा इंची स्प्लायसिंग टेप मिळते. ती मागच्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने लावायची, आणि सुरकुतलेला तुकडा शक्य तितका कमी कापायचा. टेप सेकंदाला २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे पाच सेंटिमीटर कापले की दोन सेकंद गेले. जोड दिलेली जागा हेडवरून चालवायची नाही. तिच्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगळा उतरवून घ्यावा.

यंत्राबद्दल. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता जे मिळेल ते जुनेच. विकत घेताना 'चालू आहे' या शब्दावर जाऊ नका. स्वतःची नको असलेली एक कॅसेट घेऊन जा. चालवून, पुढे-मागे फिरवून, बाहेर काढून पाहा की टेपच्या कडा चुरगळल्या का, बाहेर लोंबते का. कडा चुरगळत असतील तर टेप दाबून पुढे सरकवणारा रबराचा पिंच रोलर कडक झाला आहे किंवा टेपला वाट देणारे खांब जागेवर नाहीत. फिरवताना थांबत असेल तर बहुधा पट्टा सैल. पट्टा आणि रोलर बदलता येतात. झिजलेले हेड मात्र बदलणे आता अवघड आहे, तसे यंत्र घेऊच नका.

साफसफाई प्लग काढून, वरचे झाकण उघडून. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी घ्या. चामडे ड्रमवर सपाट, स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळू फिरवा. काडी वर-खाली हलवायची नाही. हेडचे टोक केसाहून बारीक, ठिसूळ फेराइटचे असते, उभ्या धक्क्याने ते तुटते. कानाची कापसाची काडी ड्रमला लावूच नका, तंतू टोकात अडकतो. तीच काडी खांब, आवाजाचे स्थिर हेड आणि पिंच रोलरसमोरचा फिरता धातूचा दांडा (कॅप्स्टन) पुसायला चालते. पिंच रोलर पाण्यात किंचित साबण घेऊन पुसावा, अल्कोहोलने रबर वाळते. पंधरा मिनिटे सुकू द्या. आणि झाकण उघडे ठेवून चालवून पाहत असाल तर प्रखर दिव्याखाली पाहू नका. टेपच्या दोन्ही टोकांचा पारदर्शक भाग प्रकाशाने ओळखणारे संवेदक आत असतात. बाहेरचा उजेड पडला की यंत्राला टेप संपली असे वाटते आणि ते थांबते. यंत्र बिघडले समजून खोलत बसणारे इथेच फसतात.

कॅसेट उतरवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. तीस वर्षे एकाच ताणात पडून राहिलेले वेढे सुटे होतात, ताण सारखा होतो. टेप अडत असेल, चिकटल्यासारखी वाटत असेल, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच थांबा. जोर लावू नका.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानात सहसा केली जात नाही. व्हीएचएसमधून येणाऱ्या चित्राची प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असायला हवी. पण टेप ताणलेली आणि ड्रमचा वेग किंचित कमी-जास्त, त्यामुळे प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा नंतर सुरू होते. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. स्वस्त यूएसबी कॅप्चर काडीला ते जमत नाही. उभ्या रेषा थरथरतात, चित्राचा माथा एका बाजूला कलतो, काही चौकटी गळतात, आणि अर्ध्या तासाने ओठ व आवाज यांची फारकत होते. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, तो ओळी जागेवर आणतो. एस-व्हीएचएस या व्हीएचएसच्या सुधारित प्रकारच्या काही यंत्रांमध्ये तो आतच असतो. ते न मिळाल्यास पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडा. डीव्हीडी बनवायची नाही. व्हीसीआरचे चित्र त्याच्यातून जाऊन दुसऱ्या बाजूने कॅप्चर उपकरणात येऊ द्यायचे. वरची वाकडी पट्टी सरळ करण्यात हा जुना रेकॉर्डर अजून उत्तम काम देतो.

जोडणी शक्य असेल तिथे एस-व्हिडिओने, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे नेणाऱ्या वायरीने करा, कारण टेपवर उजेड आणि रंग वेगळेच नोंदलेले असतात. नेहमीच्या पिवळ्या (कंपोझिट) वायरीने ते एकत्र होऊन पुन्हा वेगळे करावे लागतात, आणि रंगाच्या कडेला ठिपके रांगायला लागतात. व्हीसीआरला फक्त पिवळी पिन असेल तर तीही चालेल, तेवढ्यासाठी काम अडवू नका.

कॅप्चर ७२० × ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन क्षेत्रांत), रंगाची नोंद ४:२:२. व्हर्च्युअलडब२ किंवा अमारेकटीव्ही हा प्रोग्राम वापरा. फाइल हफवायूव्ही किंवा एफएफव्ही१ अशा हानी न करणाऱ्या स्वरूपात. हिशोब असा : काहीही न दाबलेले चित्र तासाला सुमारे ७५ जीबी, हफवायूव्हीत साधारण ३५. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला १०५ जीबी धरा, तेवीस कॅसेटला अडीच टीबीच्या आसपास. म्हणून चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क आधी घ्या, मगच कामाला बसा. जागा वाचवायला इथेच एमपी४ केले तर पुढे काहीच सुधारता येणार नाही. दुकानातल्या डीव्हीडीवर माझा आक्षेप हाच आहे. एका डीव्हीडीत तीन तास कोंबले की हलत्या चित्रात चौकोन पडतात, आणि ती डीव्हीडी दहा-पंधरा वर्षांत वाचता येईनाशी होऊ शकते. कॅसेट द्यायच्याच असतील तर हानी न केलेली फाइल हार्ड डिस्कवर द्याल का, मध्ये टाइम बेस करेक्टर आहे का, आणि बुरशीच्या कॅसेट कशा हाताळता, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे नीट आली तर खुशाल द्या.

सुरू करण्याआधी पहिली पाच मिनिटे उजेडाच्या पातळीसाठी घालवा. कॅप्चर प्रोग्रामच्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राम) काळा १६ च्या खाली आणि पांढरा २३५ च्या वर आपटत असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा आणि ब्राइटनेस जुळवून घ्या. स्टुडिओच्या प्रखर दिव्यांत पांढरी साडी नेसलेल्या निवेदिकेच्या निऱ्या एकदा सपाट पांढऱ्या झाल्या की नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळवणे, आपोआप लागले तरी हाताने थोडे पुढे-मागे करून पाहा, आणि एका कॅसेटवर दोन-तीन वेगवेगळ्या यंत्रांवरचे रेकॉर्डिंग असेल तर प्रत्येक तुकड्याला ते नव्याने लावा. आवाज बहुतेक साध्या मोनो पट्टीवर असतो. हाय-फाय ही आवाजाची दुसरी पट्टी सुरू ठेवून फरफर येत असेल तर यंत्रावर 'नॉर्मल' निवडा. सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घूं थांबला तर दोष टेपचा नाही, अर्थिंगचा आहे.

एकदा सुरू केले की कॅसेट संपेपर्यंत थांबवू नका. भाग संपला, पडद्यावर नुसत्या ठिपक्यांचा बर्फ सुरू झाला, तरी चालू राहू द्या. नवे रेकॉर्डिंग जिथे संपते तिथून पुढे जुन्या रेकॉर्डिंगचे शेपूट उरलेले असते. कधी दोन मिनिटे, कधी वीस. 'वागले की दुनिया'त अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर एकमेकांशी बोलत असताना पडदा तडकतो आणि मागून दोन वर्षे आधीचा कामगार-कल्याणाचा कार्यक्रम वर येतो, असे होते. ते शेपूट कोणी मुद्दाम जपलेले नसते, म्हणूनच ते इतरत्र कुठेही नसते. पोस्टरवरचे चेहरे सगळ्यांकडे आहेत. सुट्टीच्या दुपारी घरात चालू असलेला दूरदर्शन मात्र या तुकड्यांतच उरला आहे.

ॲन्टेना हलल्यामुळे आलेली दुहेरी आकृती टेपवरच नोंदली गेली आहे, ती जात नाही. तिच्यामागे लागून वेळ घालवू नका.

उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि पाहायची प्रत वेगळी करा. त्या प्रतीसाठी क्यूटीजीएमसी या साधनाने डीइंटरलेस करून, म्हणजे एकाआड एक ओळींच्या क्षेत्रांच्या पूर्ण चौकटी बनवून, सेकंदाला ५० चौकटी करा, २५ नाही, नाहीतर मूळची सळसळीत हालचाल जाऊन चित्र चित्रपटासारखे अडखळते. पाल ॲनालॉग कॅप्चरमध्ये दोन क्षेत्रांपैकी बहुधा वरचे आधी असते. हलणारा हात पुढे-मागे धडपडताना दिसला तर क्रम उलटा निवडला आहे. खालच्या दहा-बारा ओळींत हेड बदलतानाचा फाटका पट्टा दिसतो, तो फक्त या प्रतीत झाका. प्रमाण ४:३, स्वरूप एच.२६४, दर्जा ठरवणारा सीआरएफ आकडा १७ किंवा १८. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे करणारी साधने वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. व्हीएचएसमध्ये आडवे तपशील जेमतेम २४० ओळींचे. त्यातून ही साधने डोळे, दात, कातडी कल्पनेने भरतात. 'हॅलो इन्स्पेक्टर'मधले रमेश भाटकर त्यात भाटकरांसारखे दिसणारे कोणी तरी होतात.

तारीख लावण्यासाठी टेपमधल्याच खुणा वापरा. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, दोन्ही रविवारी सकाळी. 'मिले सुर मेरा तुम्हारा' दिसले तर ती नोंद १५ ऑगस्ट १९८८ किंवा त्यानंतरची. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाले. बातम्यांचा अर्धा मिनिटाचा तुकडा असला तरी त्यातल्या घटनेवरून नेमका दिवस सापडतो. फाइलच्या नावात कॅसेट क्रमांक, अंदाजे तारीख आणि कार्यक्रम लिहा, आणि कोणत्या मिनिटाला काय आहे याची यादी साध्या मजकूर फाइलमध्ये सोबत ठेवा. जाहिरातीही नोंदवा.

हक्कांबाबत : घरी पाहण्यासाठी प्रत ठेवण्यात अडचण नाही, पण सगळे उचलून इंटरनेटवर टाकू नका. प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांचा असला तरी मालिका, संगीत, लेखन यांचे हक्क वेगळे आणि बरेच लांब आहेत. दुर्मीळ मराठी तुकडा निघाला तर प्रसार भारतीच्या संग्रह विभागाला कळवणे हा सरळ मार्ग.

प्रती तीन ठेवा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. मूळ कॅसेट फेकू नका. ड्रमच्या हेडवरून येणारा कच्चा सिग्नलच थेट नोंदवून संगणकात चित्र उलगडणारी व्हीएचएस-डिकोड नावाची पद्धत आता तयार झाली आहे. तिने आजच्यापेक्षा चांगली प्रत निघू शकते, पण त्यासाठी टेप शाबूत लागते. पूर्ण मागे फिरवून, पुस्तकासारख्या उभ्या, भिंतीला न टेकणाऱ्या आतल्या कपाटात ठेवा. सोबत रंग बदलणारे सिलिका जेल असू द्या, आणि रंग बदलला की ते १२० अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत ठेवा.